काचेवर झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड कसे वाढवावेत: खान्देशातल्या कॉलेज प्रयोगशाळेसाठी पूर्ण कृती

एप्रिल-मेमध्ये अमळनेर, शिंदखेडा, चोपडा या पट्ट्यात शेतातल्या सौरपंपाच्या पॅनेलवर बोट फिरवून बघा. बोटाला लागणारी धूळ एका प्रकारची नसते. त्यात काळ्या मातीचा अतिबारीक चिकण अंश असतो, कच्च्या रस्त्याचा फुफाटा असतो आणि भुसावळजवळ दीपनगरच्या बाजूला गेलात तर औष्णिक केंद्राच्या राखेचे गोल कणही असतात. हिवाळ्यात पहाटेच्या दवाने हा चिकण अंश ओला होतो, दुपारच्या उन्हात वाळतो आणि काचेला पापुद्र्यासारखा धरून बसतो. मग शेतकरी तो बोअरच्या पाण्याने धुतो आणि त्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. काच आणि धूळ यांचा प्रश्न तिथेही आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर.

म्हणूनच आपल्याकडच्या बी.एससी., एम.एससी.च्या प्रकल्पांत ‘स्वतः स्वच्छ होणारा पृष्ठभाग’ हा विषय वारंवार येतो आणि तो यावाच. त्यासाठी व्हॅक्यूम चेंबर किंवा स्पटरिंगचं (निर्वातात थर चढवण्याचं) यंत्र लागतं हा समज मात्र खरा नाही. पाण्यात, ९० अंशांवर, साध्या ओव्हनमध्ये काचेवर झिंक ऑक्साइडच्या नॅनोमीटर जाडीच्या स्फटिक-काड्यांचं, म्हणजे नॅनोरॉडचं, दाट रान उभं करता येतं. द्रावणातून पातळ फिल्म बनवण्याची परंपरा महाराष्ट्रात मजबूत आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक बाथ पद्धतीवर केलेलं काम जगभर वाचलं जातं. आपली कृती त्याच घराण्यातली आहे.

काम आधी, रचना नंतर

बहुतेक प्रकल्प इथेच घसरतात. ‘नॅनो कोटिंग करायचं’ असं ठरतं, पण त्या पृष्ठभागाने नेमकं काय करायचं हे ठरत नाही. काचेकडून तीन वेगवेगळी कामं मागता येतात. एक, पाणी झटकून टाकणं. दोन, पाणी इतकं सपाट पसरवणं की थेंबच राहू नये आणि सगळी घाण पातळ पडद्याबरोबर वाहून जावी. तीन, जास्तीत जास्त प्रकाश आत सोडणं. ही कामं एकमेकांशी भांडतात. पाणी झटकायला खडबडीतपणा लागतो, आणि खडबडीतपणा वाढला की प्रकाश विखुरतो व काच दुधाळ दिसते.

त्यात आपल्या भागाचा हिशेब वेगळा आहे. कमळाच्या पानावरची घाण पाण्याच्या थेंबाला चिकटून गडगडत जाते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये सविस्तर दाखवलं. अळूच्या पानावर तुम्ही ते रोज बघता. पण त्यासाठी गडगडणारा थेंब हवा. आपला पाऊस जून ते सप्टेंबर. उरलेले सात-आठ महिने आकाशातून थेंब येत नाही. म्हणून ‘पाणी झटकणारी काच लावली की पॅनेल आपोआप स्वच्छ राहील’ असं खान्देशात म्हणता येणार नाही. इथे प्रश्न असा मांडायला हवा: धूळ कमी घट्ट चिकटते का, आणि ती काढायला पाणी कमी लागतं का? अहवालाच्या पहिल्या पानावर हा प्रश्न लिहा, पुढची सगळी मोजमापं त्यातून निघतील.

आकार आणि रसायन, दोन्ही लागतात

थेंब काचेला ज्या कोनात टेकतो तो स्पर्शकोन. थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये तो पृष्ठताणाशी जोडला. ९० अंशांच्या खाली असला तर पृष्ठभाग पाणी धरणारा, वर असला तर पाणी टाळणारा. कोन १५० अंशांच्या वर असला आणि काच जरा कलली तरी थेंब निसटला, तर तो अतिजलविरोधी.

सपाट पृष्ठभागावर कितीही चांगलं रसायन लावलं तरी स्पर्शकोन साधारण १२० अंशांच्या पुढे जात नाही. त्यापुढे न्यायचं तर आकाराची मदत घ्यावी लागते. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये मांडलेलं समीकरण हेच सांगतं: थेंब काड्यांच्या टोकांवर बसतो आणि मधल्या फटींत हवा अडकते. सपाट अवस्थेत १०५ अंश देणारं रसायन घ्या. थेंबाखालचा फक्त १० टक्के भाग घन असेल आणि बाकी हवा, तर कोन सुमारे १५८ अंश येतो. घन भाग ३० टक्के झाला की तोच कोन १४१ वर उतरतो. म्हणजे काड्या किती दाट, किती बारीक, यावर सगळं अवलंबून आहे. काड्या फार विरळ झाल्या तर पाणी फटींत उतरून बसतं. मग कोन मोठा दिसला तरी थेंब हलत नाही. ही वेन्झेल अवस्था, १९३६ पासून माहीत असलेली, आणि विद्यार्थ्यांच्या नमुन्यांत सर्रास आढळणारी.

साहित्य

मायक्रोस्कोपच्या साध्या स्लाइड, ७५ बाय २५ मिमी. झिंक अॅसिटेट डायहायड्रेट, झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट, हेक्झामाइन, स्टिअरिक अॅसिड. सगळी एआर (विश्लेषणासाठीच्या शुद्धतेच्या) दर्जाची घ्या. अॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शुद्ध इथेनॉल. इथेनॉलमध्ये पाणी मिसळलेलं नको. १०० अंशांपर्यंत तापमान स्थिर ठेवणारा ओव्हन, ३५० अंशांपर्यंत जाणारी मफल भट्टी, मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, जमलं तर अल्ट्रासॉनिक बाथ.

पाण्याबद्दल तडजोड करू नका. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट भरपूर असतात, आणि हे आयन स्फटिकाच्या वाढीत ढवळाढवळ करतात. घरच्या आरओचं पाणीही चालत नाही, कारण त्यात काही क्षार उरतातच. काचेच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं किंवा डीआयॉनाइज्ड पाणी घ्या आणि कंडक्टिव्हिटी मीटरवर ते दर सेंटिमीटरला ५ मायक्रोसीमेन्सच्या खाली आहे ना, हे तपासून वहीत लिहा.

काच धुणं

फिल्म ठिगळाठिगळांची आली, टेपबरोबर निघून आली, मधेच बोटाच्या आकाराचा डाग उमटला, तर दहांतल्या नऊ वेळा कारण अस्वच्छ काच हेच असतं. पाकिटावर ‘प्री-क्लीन्ड’ लिहिलं असलं तरी तुमच्या कामासाठी ती स्वच्छ नाही.

आधी द्रव साबणाच्या कोमट पाण्यात कापसाने दोन्ही बाजू चोळा, मग भरपूर साध्या पाण्याने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. नंतर अॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ऊर्ध्वपातित पाणी या क्रमाने अल्ट्रासॉनिक बाथमध्ये प्रत्येकी १० मिनिटं ठेवा. अॅसिटोननंतर काच वाळू देऊ नका, ओली असतानाच पुढच्या द्रवात टाका. मे महिन्यात प्रयोगशाळेतला पारा ४० च्या आसपास असतो, तेव्हा अॅसिटोन क्षणात उडून जातं आणि त्यात विरघळलेलं तेल काचेवर रेघांच्या रूपात परत बसतं.

स्वच्छतेची कसोटी साधी आहे. काच पाण्यातून बाहेर काढून उभी धरा. पाण्याचा सलग पडदा अर्धा मिनिट टिकला तर काच तयार. पडदा फाटून थेंब झाले तर पुन्हा पहिल्यापासून. यानंतर काच फक्त चिमट्याने आणि फक्त कडेला धरायची. ओव्हनमध्ये १०० अंशांवर वाळवा आणि एका कोपऱ्यात हिऱ्याच्या पेनने खूण करा. फिल्म कुठल्या बाजूला आहे हे नंतर डोळ्यांनी ओळखता येत नाही.

बीजथर

सरळ काचेवर झिंक ऑक्साइड वाढवायला गेलात तर स्फटिक हवे तिथे, हव्या त्या दिशेला, गुच्छागुच्छांनी येतात. त्यांना उभं वाढवायचं तर आधी अगदी पातळ बीजथर हवा. कपाशीची लावणी करताना अंतर ठरवलं की पुढचं शेत ठरतं, तसं इथेही काड्यांची दाटी या पायरीवरच ठरते. वाढीच्या वेळी ती बदलता येत नाही.

बर्कलीच्या पेइडॉन्ग यांग यांच्या गटाने २००५ मध्ये दिलेली पद्धत आपल्या प्रयोगशाळेला सर्वांत सोयीची आहे. ५ मिलिमोलर द्रावण करा, म्हणजे ०.११ ग्रॅम झिंक अॅसिटेट १०० मिली इथेनॉलमध्ये. ते हळूहळू विरघळतं. ५० अंशांच्या आसपास, झाकण लावून, स्टररवर ढवळत ठेवा. द्रावण काचेसारखं स्वच्छ दिसायला हवं. जरा धुरकट वाटलं तर गाळून वापरू नका, नवं करा. धुरकटपणा याचा अर्थ इथेनॉलमध्ये पाणी आहे.

स्लाइड सपाट ठेवून तिच्यावर द्रावण पसरेल इतके थेंब सोडा. दहा सेकंदांनी स्वच्छ इथेनॉलने धुऊन टाका आणि रबरी फुग्याच्या हवेने वाळवा. तोंडाने फुंकर मारू नका, तिच्यात वाफ आणि थुंकीचे कण असतात. हेच तीन ते पाच वेळा करा. मग स्लाइड मफल भट्टीत ३५० अंशांवर २० मिनिटं ठेवा. झिंक अॅसिटेट विघटित होऊन झिंक ऑक्साइडचे बारीक कण काचेला चिकटून बसतात, आणि त्यातले बरेचसे आपला स्फटिक-अक्ष काचेला लंब ठेवतात. हा थर देऊन भाजण्याचा सगळा क्रम आणखी एकदा करा. भट्टी १०० अंशांच्या खाली येईपर्यंत उघडू नका, नाहीतर काच तडकते.

ऋतूचा परिणाम या पायरीवर जास्तीत जास्त दिसतो. श्रावणात हवा दमट असते आणि इथेनॉल उडताना थंड झालेल्या काचेवर हवेतलं बाष्प बसतं, त्याने थर पांढुरका होतो. उन्हाळ्यात उलट. द्रावण पसरायच्या आत कडेने वाळतं आणि वर्तुळं उमटतात. दोन्हीला एकच उपाय पुरतो. हे काम सकाळी लवकर, पंखा बंद करून, पेट्री डिशच्या झाकणाखाली करा, आणि त्या दिवसाचं तापमान व आर्द्रता वहीत नोंदवा. दोन महिन्यांनी ‘मागच्या वेळी जमलं, आता का नाही?’ हा प्रश्न येतोच, तेव्हा उत्तर त्या नोंदीत सापडतं.

वाढ

२००३ मध्ये लिओनेल वेसिएर यांनी दाखवलेली ही कृती आहे, आणि तिच्यात फक्त दोन रसायनं आहेत. २०० मिलीसाठी १.४९ ग्रॅम झिंक नायट्रेट आणि ०.७० ग्रॅम हेक्झामाइन. म्हणजे दोन्ही २५ मिलिमोलर. दोन वेगळ्या बीकरमध्ये प्रत्येकी १०० मिली पाण्यात विरघळवा आणि वापरायच्या ऐन वेळी मिसळा. मिश्रण स्वच्छ असतं, त्याचा सामू सातच्या किंचित खाली.

गरम झाल्यावर हेक्झामाइन सावकाश फुटतं आणि त्यातून अमोनिया व फॉर्मल्डिहाइड निघतं. अमोनिया द्रावणात हळूहळू हायड्रॉक्साइड पुरवत राहतो, जस्ताचे आयन त्याच्याशी जोडले जातात आणि पाणी टाकून देऊन झिंक ऑक्साइड बनतं. षट्कोनी वुर्ट्झाइट स्फटिकाचं वरचं तोंड ध्रुवीय असल्यामुळे जास्त वेगाने वाढतं, म्हणून दाण्याऐवजी काडी तयार होते. हा सावकाशपणा हेच या कृतीचं मर्म आहे. हेक्झामाइनऐवजी थेट कॉस्टिक सोडा ओतला तर सगळं झिंक एकदम पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसेल आणि काचेवर काहीच उरणार नाही.

स्लाइड बाटलीत तिरपी उभी करा आणि बीजथराची बाजू खाली येऊ द्या. वर ठेवलीत तर द्रावणात तरंगत वाढलेले स्फटिक पावसासारखे त्यावर पडतात, आणि ती भुकटी तुमची फिल्म समजून तुम्ही मोजत बसता. बाटलीचं झाकण लावून, आधीच ९० अंशांवर आणलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. थोड्या वेळाने द्रावण ढगाळ होऊ लागतं, त्यात काळजीचं काही नाही. दोन ते तीन तासांत साधारण ५० ते १०० नॅनोमीटर जाडीच्या आणि एक मायक्रोमीटरच्या आसपास लांबीच्या काड्या मिळतात. पुढे नुसता वेळ वाढवून फारसा फायदा नाही, कारण द्रावणातलं झिंक संपत येतं. लांबी हवी असेल तर ताजं द्रावण घालून दुसरी फेरी घ्या. जाडी कमी करायची असेल तर द्रावण १० मिलिमोलरपर्यंत पातळ करा.

वीज गेली तर ओव्हनचं दार उघडू नका. भरलेली बाटली बराच वेळ गरम राहते, पण वीज जाण्याची आणि येण्याची वेळ मात्र लिहून ठेवा.

शेवटी स्लाइड गरम असतानाच काढून ऊर्ध्वपातित पाण्याच्या धारेखाली नीट धुवा आणि १०० अंशांवर वाळवा. बाटली उघडताना एग्झॉस्ट चालू हवा, आत फॉर्मल्डिहाइडची वाफ असते. झिंक नायट्रेट ऑक्सिडायझर आहे, ते अॅसिटोन-इथेनॉलच्या कपाटात ठेवू नका. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, झिंक पाण्यातल्या जिवांना घातक असतं. धुण्याच्या सोड्याने सामू नऊच्या आसपास आणा, झिंक कार्बोनेट खाली बसेल, ते गाळून वाळवा आणि रासायनिक कचऱ्यात द्या.

फिल्म खरंच आली का?

चांगली फिल्म समोरून पाहिली तर जवळपास पारदर्शक आणि तिरक्या प्रकाशात हलकी निळसर-दुधाळ दिसते. रंग सगळीकडे सारखा असेल तर जाडीही सारखी आहे. सेलोटेप चिकटवून झटक्याने ओढा. टेपवर पांढरी भुकटी आली तर ते वर पडलेले स्फटिक आहेत. नीट धुऊन पुन्हा ओढा. काचच मोकळी झाली तर बीजथरापासून परत सुरुवात.

एक्सरे डिफ्रॅक्शनला (स्फटिक कोणता आणि कुठल्या दिशेला आहे हे सांगणारी चाचणी) तांब्याच्या क्ष-किरणांनी झिंक ऑक्साइडची तीन मुख्य शिखरं सुमारे ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांवर येतात. भुकटीत ३६.३ चं शिखर मोठं असतं. तुमच्या फिल्ममध्ये ३४.४ चं शिखर बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलं तर काड्या उभ्या आहेत. एवढा एक आलेख पुष्कळ सांगतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात चौकशी करा, आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’ केंद्राकडे नमुना पाठवा किंवा केंद्र सरकारच्या ‘आय-स्टेम’ पोर्टलवर जवळचं यंत्र शोधा. नमुना एक सेंटिमीटरच्या आतला कापा आणि वरून दिसणाऱ्या चित्राबरोबर तुटलेल्या कडेचं चित्रही मागा. काड्यांची लांबी कडेच्या चित्रातच कळते.

स्टिअरिक अॅसिडचा थर

आत्ताच्या अवस्थेत फिल्म पाणी पिते. काड्यांचं रान आहे, पण झिंक ऑक्साइडला पाणी आवडतं, त्यामुळे रचनेने ती आवड आणखी वाढवली. आता रसायन बदलायचं.

०.२८ ग्रॅम स्टिअरिक अॅसिड १०० मिली इथेनॉलमध्ये, म्हणजे १० मिलिमोलर. जरा कोमट केलं की विरघळतं. त्यात स्लाइड झाकून ठेवा. सुरुवात एका तासाने करा, मग तीन, मग रात्रभर, अशा वेगळ्या स्लाइड घ्या. आम्लाचं टोक झिंकला धरतं आणि सतरा कार्बनची तेलकट शेपटी बाहेर राहते. पण हे आम्लच आहे, हे विसरू नका. जास्त वेळ ठेवलं तर ते काड्यांनाच खातं आणि झिंक स्टिअरेटचे पापुद्रे तयार होतात. असा नमुनाही पाणी झटकतो, त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं काम झालं. प्रत्यक्षात ज्या रचनेसाठी एवढं केलं ती नाहीशी झालेली असते. बाहेर काढल्यावर स्वच्छ इथेनॉलमध्ये बुडवून जास्तीचं मेण काढा आणि ६० अंशांवर वाळवा. स्टिअरिक अॅसिड ६९ अंशांच्या सुमारास वितळतं, म्हणून त्याच्या वर जाऊ नका.

एक गोष्ट न चुकता करा: चार स्लाइडचा संच. पहिली नुसती स्वच्छ काच. दुसरी फक्त बीजथर आणि त्यावर स्टिअरिक अॅसिड, म्हणजे रसायन आहे पण आकार नाही. तिसरी नॅनोरॉड, पण स्टिअरिक अॅसिड नाही, म्हणजे आकार आहे पण रसायन नाही. चौथी दोन्ही असलेली. दुसरीचा कोन शंभरच्या आसपास, तिसरीचा बराच खाली आणि चौथीचा दीडशेच्या वर आला, तरच ‘नॅनोरचनेमुळे हे घडलं’ असं म्हणण्याचा हक्क मिळतो. फक्त चौथी स्लाइड दाखवणाऱ्या प्रकल्पाला मी तरी पूर्ण गुण देणार नाही.

मोबाइलने स्पर्शकोन

स्पर्शकोन मोजणारं लाखांचं गोनिओमीटर नसलं तरी अडत नाही. स्लाइड टेबलाच्या कडेला, मागे ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे दिवा. मोबाइल स्टँडवर, लेन्स अगदी काचेच्या पातळीत, सोबत मॅक्रो लेन्स. थेंब ५ मायक्रोलिटरचा हवा, म्हणून मायक्रोपिपेट वापरा. नसेल तर इन्शुलिनची सिरिंज चालते, पण तिची खूण बघा: १०० युनिटच्या सिरिंजवर एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, तर ४० युनिटच्या सिरिंजवर एक युनिट म्हणजे २५. १०० युनिटच्या सिरिंजवर अर्धा युनिट ढकला. मोठा थेंब स्वतःच्या वजनाने चपटा होतो आणि कोन कमी दाखवतो.

फोटोवरून थेंबाची उंची आणि काचेला टेकलेल्या पायाची रुंदी मोजा. उंचीला दोनाने गुणून रुंदीने भागा, आलेल्या संख्येचा व्यस्त टॅन काढा आणि त्याची दुप्पट करा, तो स्पर्शकोन. उंची रुंदीच्या निम्मी असेल तर कोन ९०. उंची रुंदीच्या १.८७ पट असेल तर १५०. ‘इमेज-जे’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. एका स्लाइडवर किमान पाच जागी मोजा, सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही द्या.

मग स्लाइड हळूहळू तिरपी करा आणि थेंब कधी निसटतो ते मोबाइलच्या लेव्हल अॅपवर बघा. दहा अंशांच्या आत निसटला तर पृष्ठभाग खरोखर झटकणारा. कोन १५२ पण उलटी केली तरी थेंब लटकलेलाच, तर पाणी फटींत शिरलेलं आहे. अशा वेळी पुढच्या खेपेला द्रावण पातळ करून काड्या बारीक करा किंवा बीजथराचे हात वाढवा. धुळीच्या प्रश्नासाठी स्पर्शकोनापेक्षा हा निसटकोन महत्त्वाचा आहे.

आपल्या उन्हात हे किती टिकेल?

झिंक ऑक्साइडचा बँडगॅप (आतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३७० नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश ते शोषून घेतं. त्यातून तयार होणारे क्रियाशील ऑक्सिजनचे घटक सेंद्रिय पदार्थ तोडतात. २००४ मध्ये चीनमधल्या लेई जियांग यांच्या गटाने झिंक ऑक्साइडच्या उभ्या नॅनोरॉडवर अतिनील प्रकाश टाकून, पाणी झटकणारी फिल्म पाणी पिणारी होते आणि अंधारात ठेवल्यावर पूर्ववत होते, हे दाखवलं. आपल्या फिल्ममध्ये भर अशी की वरचं स्टिअरिक अॅसिडच ऊन खाऊन टाकतं, ते काही अंधारात परत येत नाही. म्हणून ही चौथी स्लाइड खान्देशच्या छतावर टिकाऊ लेप म्हणून देऊ नका. ती शिकण्यासाठी आणि घरातल्या, सावलीतल्या उपयोगांसाठी आहे.

तिसऱ्या स्लाइडचं मात्र हेच बलस्थान ठरतं. मिथिलीन ब्लू या निळ्या सेंद्रिय रंगाचं दहा पीपीएमचं (दहा लाखांत दहा भाग) द्रावण घ्या, फिल्म त्यात अर्धा तास अंधारात ठेवा म्हणजे रंग पृष्ठभागावर बसून स्थिरावेल, मग उन्हात ठेवा. दर अर्ध्या तासाला कलरीमीटरवर लाल फिल्टर लावून, ६६४ नॅनोमीटरच्या जवळ, शोषण मोजा. शेजारी त्याच द्रावणात नुसती काच ठेवायलाच हवी, कारण मिथिलीन ब्लू उन्हात आपोआपही फिका पडतो. दोन आलेखांतला फरक तेवढा तुमच्या फिल्मचा.

पॅनेलच्या काचेसाठी माझं मत स्पष्ट आहे: सिलिका. काचेचा अपवर्तनांक १.५२, त्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत जातो. तो थोपवायला १.२३ अपवर्तनांकाचा थर हवा, आणि असा घन पदार्थ सहज मिळत नाही. तो सच्छिद्र सिलिकानेच साधतो, कारण छिद्रांतली हवा अपवर्तनांक खाली आणते. हिरव्या प्रकाशासाठी जाडी ११० नॅनोमीटरच्या आसपास हवी. श्टोबर आणि सहकाऱ्यांच्या १९६८ च्या पद्धतीने टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट), इथेनॉल, अमोनिया आणि पाण्यातून सिलिकाचे कण बनवा, काच त्यात बुडवून एकसारख्या संथ गतीने बाहेर ओढा आणि भाजा. ओढण्याचा वेग वाढवला की थर जाड होतो. झिंक ऑक्साइडचा अपवर्तनांक दोनच्या जवळ असल्याने त्याचा सलग थर उलट परावर्तन वाढवतो.

छतावरची चाचणी

प्रयोगशाळेतला आकडा कितीही देखणा असला तरी निर्णय छतावर होतो. प्रत्येक प्रकारच्या तीन स्लाइड, पॅनेल ज्या कलात असतात त्या कलात, दक्षिणेकडे तोंड करून लाकडी फळीवर क्लिपने बसवा. आपल्या अक्षांशाला हा कल २०-२१ अंशांचा येतो. जानेवारीत लावल्या तर दव आणि धूळ दोन्ही मिळतात, मार्चनंतर लावल्या तर कोरडी धूळ.

दर आठवड्याला ठरलेल्या वेळी प्रत्येक स्लाइड एका लहान सौर सेलवर झाकून शॉर्ट-सर्किट करंट (सेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा प्रवाह) मोजा आणि उघड्या सेलच्या करंटने भागा. उन्हाचा जोर दिवसागणिक बदलतो, म्हणून नुसता करंट उपयोगाचा नाही, गुणोत्तर हवं. मग प्रत्येक प्रकारातल्या एका स्लाइडवर ठरावीक उंचीवरून १० मिली पाणी सोडून पुन्हा मोजा, दुसरी मऊ ब्रशने कोरडीच झाडून मोजा, आणि तिसरीला हात लावू नका. पहिलीतून पाण्याची बचत कळेल, दुसरीतून धूळ किती घट्ट बसली ते, तिसरीतून एकूण नुकसान. काही स्लाइडवर बोअरचं पाणी वापरून तेच करा, कारण शेतात तेच वापरलं जाणार आहे.

स्पर्शकोन आणि निसटकोन महिन्यातून एकदा, स्लाइड धुऊन, त्याच पाच जागी मोजा. कोन घसरला पण टेपची चाचणी पास झाली, तर रसायन गेलं आणि रचना शिल्लक आहे. कोन घसरला आणि तिरक्या प्रकाशातला निळसरपणाही गेला, तर ब्रशने किंवा वाऱ्याच्या वाळूने काड्याच मोडल्या आहेत. पहिल्या प्रकरणात उन्हाला टिकणारं रसायन शोधायचं असतं, दुसऱ्यात जास्त चिवट रचना. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ही वही द्या आणि त्याला तिथून पुढे सुरू करू द्या.